लाइन थांबवायची नाही

...आणि 'का' म्हणून विचारायचं नाही. नियम असा दुमजली आहे बघा आमच्याकडे. तळमजल्यावर 'चालू लाइन थांबवायची नाही', आणि त्याच्या बोकांडी दुसरा मजला, 'का थांबवायची नाही ते विचारायचं नाही'. मी फ्रॉक घालून कारखान्यात जायची ना, तेव्हापासून ऐकतेय. दुधाचे दात पडले, शाळा सुटली, कॉलेज संपलं, इंजिनिअरिंगची पदवी काचेत बसवून भिंतीवर लागली, आणि नियम आपला आहे तिथेच. लाइन थांबवायची नाही.

तुम्हाला सांगते, आमचा कारखाना शिड्यांचा. ॲल्युमिनियमच्या, घडीच्या. मालक तीन. अण्णा, म्हणजे माझे थोरले काका. बाबा, म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ, पण धाकटे म्हणजे केस पांढरे झालेले धाकटे. आणि मधली आत्या, तिच्या ताब्यात स्टोअरच्या किल्ल्या आणि दुनियेच्या चुका. तिघांत अशी वाटणी आहे की विचार अण्णांनी करायचा, मान बाबांनी हलवायची आणि 'मी आधीच म्हटलं होतं' हे आत्याने म्हणायचं. चाललंय वर्षानुवर्षं. एकत्र घर, एकत्र कारखाना, एकत्र हट्ट.

आता घडीची शिडी तुम्ही पाहिली असेल. उघडली की बाजूची पट्टी सरळ होते आणि मध्ये एक खटका बसतो. बोटाच्या पेराएवढा असतो, जास्त नाही. 'खट्' असा आवाज आला की समजायचं, आता ही मिटणार नाही, चढा खुशाल. म्हणजे बघा, माणूस चढतो तो पायऱ्यांवर नाही, त्या एका आवाजावर चढतो. हे लक्षात ठेवा. मी पुढे किती इकडेतिकडे गेले तरी हे लक्षात ठेवा.

तर नियम. आमचे आजोबा गेले त्या दिवशीसुद्धा लाइन चालू होती, हे अण्णा कौतुकाने सांगतात. पाहुण्यांना सांगतात, बँकेच्या माणसाला सांगतात, माझ्या मैत्रिणी घरी आल्या तर त्यांनाही सांगतात. "वडील तिकडे शेवटच्या घटका मोजतायत, आणि इकडे माल निघतोय. एक शिडी कमी भरली नाही त्या दिवशी." आणि वर समाधानाने खोकतात. मैत्रिणी चहा अर्धा टाकून उठतात. आता यात अभिमान कसला? म्हातारा जीव एकटा गेला याचा? पण विचारायचं नाही. लाइन थांबवायची नाही.

मग एक दिवस मोठ्या गिऱ्हाइकाने बडगा उगारला. रंगकामाची कंत्राटं घेणारी कंपनी, इमारतीच्या इमारती रंगवते, आमच्या सगळ्यात उंच शिड्या तीच घेते. ते म्हणाले, माल हवा असेल तर आधी तुमचा कारखाना सुधारा, आम्ही बघायला येणार. झालं, घरात सुतक. आणि मग सर आले. त्यांचं नाव काय होतं कोण जाणे, आम्ही त्यांना कायझेन सर म्हणायचो, कारण दर दोन वाक्यांनंतर कायझेन. कायझेन म्हणजे रोज थोडं थोडं सुधारत जाणं. किती साधं आहे. किती शहाणपणाचं आहे. मला तर मनातून उकळ्या फुटल्या, कारण हे सगळं मी कॉलेजात शिकले होते, घरी सांगितलंही होतं, पण मी सांगितलं की ती पोरीची बडबड आणि तेच टाय लावून कुणी सांगितलं की ज्ञान. म्हटलं असू दे, ज्ञान कुठल्याही दारातून येऊ दे.

आलं हो. पण आल्या आल्या अण्णांच्या तावडीत सापडलं.

पहिला शब्द मुदा. सर बोलायचे कसे, हळू आवाजात, प्रत्येक शब्दाला उशी देऊन. "बघा हं, ज्या कामाचा गिऱ्हाइकाला काडीचा उपयोग नाही, ते काम म्हणजे मुदा. वाया. वाट बघत बसणं, मुदा. उगाच चालणं, मुदा. नको तेवढा माल करून ठेवणं, मुदा. आणि एकदा बिघडवलेलं पुन्हा बसून दुरुस्त करणं, हा तर सगळ्यांत वाईट." अण्णांनी यातलं शेवटचं वाक्य सोडून बाकी सगळं ऐकलं. लहान मुलाच्या हाती शिट्टी लागावी तसं झालं त्यांचं. वॉचमन दारात उभा दिसला, मुदा. मी काही विचारलं, "हा बघ, हा मुदा." आत्या फोनवर हसली, मुदा. आई दिवसभराचं काम उरकून जरा खुर्चीत टेकली... अण्णा आईला 'धाकटी' म्हणतात, धाकट्या भावाची बायको म्हणून... "काय गं धाकटी, बसलीस? वाट बघणं म्हणजे मुदा हो." आता ती वाट कशाची बघत होती? भात शिजायची. भाताला सांगा की मुदा करू नकोस म्हणून.

दुसरा शब्द गेम्बा. गेम्बा म्हणजे जिथे प्रत्यक्ष काम घडतं ती जागा. सर म्हणाले, "मालकांनी रोज गेम्बावर जायचं. स्वतःच्या पायांनी. बघायचं, विचारायचं, आणि काम करणाऱ्याला मान द्यायचा." अण्णांनी ताबडतोब अंमलबजावणी केली. केबिनची काच पुसून घेतली. खुर्ची काचेकडे वळवली. चहाचा कप हातात घेऊन म्हणाले, "आता इथून सगळा गेम्बा दिसतो."

आणि मग ती दोरी.

लाइनच्या डोक्यावरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, लाल दोरी बांधायची असं सरांनी सांगितलं. अँडॉन म्हणतात तिला. कुणालाही, अगदी झाडणाऱ्या बाईलासुद्धा वाटलं की काहीतरी बिघडतंय, तर तिने दोरी ओढायची. दिवा लागतो, भोंगा वाजतो, लाइन थांबते, सगळे तिथे जमतात. आणि जमल्यावर 'कुणी केलं' असं विचारायचं नाही. 'का झालं' असं विचारायचं. उत्तर आलं की त्यालाही 'का'. मग त्यालाही. असं पाच वेळा. तेव्हा कुठे मूळ हाताला लागतं.

अण्णांचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. जणू सर सांगतायत, घराला एक खिडकी अशी ठेवा की चोराला चढायला सोपी पडेल. "म्हणजे कोणीही उठून माझी लाइन थांबवणार?" सर म्हणाले, "हो, तोच तर मुद्दा आहे." अण्णा म्हणाले, "वा." आमच्याकडे अण्णा 'वा' म्हणाले की ती गोष्ट मेली असं समजायचं.

दोरी बांधली. बांधायलाच लागली, गिऱ्हाईक बघायला येणार होतं. ते आले, बघून गेले, माना डोलावल्या, आणि दुसऱ्या दिवशी मी जाऊन बघते तर दोरी वर, छताच्या तुळईला गुंडाळलेली. म्हटलं हे काय? आत्या म्हणाली, "चुकून कुणाचा हात लागला असता. मी आधीच म्हटलं होतं." आणि अण्णा केबिनमधून हसत बाहेर आले, "पोका-योके." आता पोका-योके म्हणजे, वस्तूच अशी करायची की चूक करू म्हटलं तरी करता येऊ नये. मोबाईलमध्ये सिमकार्ड उलटं बसत नाही ना, तसं. म्हणजे बघा, किती चोख अभ्यास. आमच्याकडे लाइन थांबवणं हीच चूक, तेव्हा ती चूक कुणाला करताच येऊ नये म्हणून दोरी हाताच्या पलीकडे. सर कसनुसं हसले, चष्मा पुसला आणि पुढच्या पाटीकडे वळले. त्या पाटीवर लिहिलं होतं 'प्रत्येक जण गुणवत्तेचा राखणदार'.

लाइन थांबवायची नाही हो. काहीही करा.

आता खटक्याकडे येते. खटका साच्यात ओतून काढतात, आणि आमचा साचा झिजलाय. कधीचाच. त्यामुळे खटका एका अंगाला जाड निघतो आणि खाचेत बसत नाही. उपाय काय? साचा बदला. साचा बदलायला काय करावं लागतं? लाइन थांबवावी लागते. आणि लाइन...? बरोबर. तुम्हीसुद्धा शिकलात. तर मग अण्णांनी शोध लावला. टपली. खटका बसत नाही ना, छोटी हातोडी घ्यायची, वरून एक टपली द्यायची. खट्. बसला की नाही? बसला. लाइनच्या शेवटी एक माणूस फक्त याच कामाला ठेवलाय, सगळे त्याला टपलीवाला म्हणतात. सरांच्या भाषेत याला रीवर्क म्हणतात, बिघडलेलं पुन्हा करणं, तोच तो सगळ्यांत वाईट मुदा. आमच्या भाषेत याला फिनिशिंग म्हणतात. आणि दर्शनी फलकावर खराब मालाच्या चौकटीत कायम शून्य, कारण टपली खाल्लेली शिडी खराब धरतच नाहीत. गिऱ्हाइकाने त्या शून्याचा फोटो काढून नेला. कौतुकाने.

मी सांगितलं. नाही असं नाही. मी म्हटलं, अण्णा, टपलीने खटका बसतो, पण आतून तडकतो. केसाएवढी चीर पडते, दिसत नाही. अण्णा म्हणाले, "दिसत नाही ना? मग?"

मी बाबांकडे गेले. बाबा म्हणाले, "अण्णा बघतील गं." म्हटलं, ते काचेतून बघतात, बाबा. "हळू बोल." आत्याकडे गेले. आत्या म्हणाली, "तुझ्या वयाची होते तेव्हा मी तोंड उघडायचे ते फक्त जेवायला." मी म्हटलं, म्हणूनच आज साच्याची ही दशा आहे. त्यावर दोन दिवस अबोला. अबोल्यातसुद्धा लाइन चालू.

आणि इथे, तुम्हाला सांगते, इथपर्यंत मला हसू यायचं. मैत्रिणींना मी नकला करून दाखवायची, अण्णांचा 'वा', आत्याचं 'आधीच म्हटलं होतं'. हसून हसून पुरेवाट व्हायची आमची. मग अण्णांनी ते सगळं घरी आणलं.

फाइव्ह एस. पाच पायऱ्या असतात त्याच्या. नको ते काढा, हवं ते जागेवर लावा, पुसून लख्ख ठेवा, त्याची रीत ठरवा, ती रीत पाळा. कारखान्यात करा, पाना शोधण्यात दुपार जात नाही. पण अण्णांना वाटलं, कारखाना सुधारला, आता स्वयंपाकघर का नको? त्यांना स्वयंपाकघर कुठल्या दिशेला आहे हे त्या दिवशी कळलं असेल. पिवळी चिकटपट्टी घेऊन आले आणि ओट्यावर आखणी सुरू. पातेल्याला गोल. चमच्यांना चौकोन. आईच्या चष्म्याला छोटा चौकोन. आईला तेवढा आखायचा राहिला. मग नको त्या वस्तूंना लाल चिठ्ठ्या. आईच्या शिवणयंत्राला लाल चिठ्ठी, 'वापर नाही'. अहो, वापर नाही कारण तिला वेळ नाही, आणि वेळ नाही कारण तुम्ही... पण विचारायचं नाही. आईने यंत्रावर एक चादर टाकली, बस. आणि मग दर आठवड्याला अण्णांची तपासणी. कपाटाच्या वरून बोट फिरवायचं, बोट आईसमोर धरायचं. "धाकटी, हे काय?" आई म्हणायची, "धूळ, अण्णा." जणू शाळेतली पोर.

तर त्या दिवशी तपासणी होती. म्हणून आई कपाटाच्या वरची धूळ पुसायला चढली. शिडीवर. शिडी कुणाची? शिडीवाल्याच्या घरात शिडी कुणाची असणार.

खट् आवाज आला होता, आई म्हणते. तिने नीट ऐकला, मगच चढली. फडकं फिरवलं, कोपरा राहिला होता म्हणून जराशी वाकली. मग दुसरा आवाज झाला. तो मीही ऐकला, मी दारात चपला काढत होते. मी आत धावले तर शिडी जमिनीवर फाकलेली, आणि आई तिच्या बाजूला, हातात फडकं तसंच. तिचा पाय ज्या दिशेला होता त्या दिशेला पाय जात नाही.

मी कारखान्यात फोन लावला. बाबांनी घेतला. मागे लाइनची घरघर.

"शुद्धीवर आहे ना?"

"आहे."

"मग तुम्ही व्हा पुढे दवाखान्यात. शिफ्ट सुटली की आलोच मी."

"बाबा, तिचा पाय..."

"लाइन चालू आहे गं."

मांडीपर्यंत प्लास्टर. आत सळई. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण पहिल्यासारखं नाही. आई घरी आली, पलंगावर आडवी झाली, आणि संध्याकाळी अण्णा, बाबा, आत्या खोलीत आले. मला वाटलं चौकशी करायला. अण्णांनी खिशातून मार्कर काढला.

अण्णांना पांढरं काही दिसलं की लिहायची हौस आहे. फलक, भिंत, फ्रीज. इकडेतिकडे बघितलं, खोलीत फलक नव्हता. आणि तुम्हाला सांगते, त्यांनी आईच्या पायावर लिहायला सुरुवात केली. प्लास्टरवर. म्हणाले, "आपण सुधारलेली माणसं आहोत. मुळाशी जायचं. पाच वेळा 'का' विचारायचा."

"धाकटी का पडली? शिडी कलंडली." लिहिलं, गुडघ्याच्या वर. "शिडी का कलंडली? खटका तुटला."

इथे मी पुढे सरकले. खरं सांगते, इतक्या जवळ आले होते अण्णा. अजून एक पाऊल. मी मनात म्हणत होते, विचारा, अण्णा, आता विचारा...

"खटका का तुटला? भार जास्त झाला." गुडघ्याखाली. "भार का जास्त झाला? ही एका अंगाला वाकली. का वाकली? घाई." आणि घोट्यापाशी थोडी जागा उरली होती तिथे निष्कर्ष लिहिला, 'चढणाऱ्याची चूक'. खाली रेघ ओढली. मार्करला टोपण लावलं, खट्. त्याचं बरोबर बसलं.

आत्या म्हणाली, "मी आधीच म्हटलं होतं, तिने चढू नये." बाबा खिडकीबाहेर बघत होते. बाहेर काही नव्हतं.

सरांनी एक गोष्ट सांगितली होती, ती एकट्या मीच लिहून घेतली होती बहुतेक. 'माणसाची चूक' असं उत्तर आलं की समजायचं, खरा 'का' विचारायचा राहिला. पण मार्कर अण्णांचा, पाय आईचा, आणि शाई पुसली न जाणारी. मी साबण लावून बघितला, स्पिरिट लावून बघितलं. आईला भेटायला येणारी माणसं आधी पाय वाचायची, मग आईकडे बघायची. कुणी कुणी मान डोलवायचं, "घाई नडते हो." शेवटी आईने पायावर चादर ओढून घेतली. शिवणयंत्रावरची तीच.

मी खटक्याचे तुकडे शोधले. एक फ्रीजखाली होता, एक कपाटाच्या पायाशी. मोडलेल्या धातूचं असं असतं की ताजी मोड चमकते आणि जुनी काळवंडलेली असते. ही मोड अर्ध्याहून जास्त काळी होती. म्हणजे आई चढली तेव्हा तो खटका आधीच अर्धा मेलेला होता. आणि वर टपलीची चपटी खूण. मी ते तुकडे घेऊन जिन्यात बाबांना गाठलं. त्यांनी हातावर घेतले, उलटसुलट केले.

म्हणाले, "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"ती शिडी मीच आणली घरी. ढिगातली वरचीच उचलली." जिन्यातून वर बघितलं. "आईला सांगू नकोस."

"मग अण्णांना सांगा."

"ट्रक भरायचाय गं. रंगाऱ्यांचा माल आहे, तारीख जवळ आली. एकदा हा एवढा ट्रक जाऊ दे, मग बोलतो." आणि तुकडे माझ्या तळहातावर परत ठेवून माझी मूठ मिटली, लहानपणी गोळी द्यायचे तशी.

मी आईजवळ जाऊन बसले. सांगायचं नाही असं ठरवून बसले, आणि मला कुठलं जमतंय, सांगून टाकलं. वाटलं चिडेल. रडेल. ती छताकडे बघत राहिली. म्हणाली, "जाऊ दे. तू भांडू नकोस." मग छताकडे बघतच, "मी तर कपाटापर्यंतच चढले होते. ते रंगारी केवढ्या उंचावर असतात गं?"

बस. एवढंच विचारलं तिने. त्या घरात कुणी पहिल्यांदा बरोबर प्रश्न विचारला, आणि तोही पलंगावरून.

दुसऱ्या दिवशी ट्रक फाटकात उभा. मागचा दरवाजा उघडा, आत गाद्या घालून तयार, शिड्यांना खरचटू नये म्हणून. शिड्यांना. गिऱ्हाइकाची अट अशी की प्रत्येक शिडीवर हिरवा गोल स्टिकर हवा, आणि तो गुणवत्ता बघणाऱ्या माणसाने स्वतःच्या हाताने लावायचा. स्टिकर नसेल तर ते माल उतरवूनच घेत नाहीत. आता गुणवत्ता बघणारं माणूस कोण? मी. पदवी भिंतीवर आहे ना. एरवी माझं ऐकायचं नाही, पण माझा अंगठा मात्र प्रत्येक शिडीवर हवा. स्टिकरची गुंडाळी माझ्या खिशात होती.

अण्णा म्हणाले, "चल, लाव पटापट. ट्रक उभा आहे, वाट बघणं म्हणजे..."

"मुदा," मी म्हटलं. "अण्णा, साचा झिजलाय. टपलीने खटके तडकतात. हा बघा आईचा खटका."

त्यांनी बघितलासुद्धा नाही. "त्याचं विश्लेषण झालंय."

"पायावर झालंय."

"आवाज खाली कर, माणसं बघतायत. माल एकदम ओके आहे. लाव स्टिकर."

आत्या म्हणाली, "चार बुकं शिकली की आईबापाच्या ताटात माती कालवायची असते का?" बाबा म्हणाले, "बाळा, आजच्या दिवस." आणि मागे घरघर, घरघर, टपलीवाल्याची टक् टक्, एक शिडी, दुसरी शिडी, तिसरी, सगळ्या चकचकीत, सगळ्या रंगाऱ्यांच्या. मी म्हटलं, मी दोरी ओढते.

अण्णा हसले. खरंच हसले. "ओढ की." आणि वर बघितलं. दोरी तुळईला होती ना. पोका-योके.

मग मी काय केलं, ढिगातली वरचीच शिडी घेतली. बाबांनी घेतली होती तशी. लाइनच्या बाजूला उभी केली, उघडली. खटका बसेना. टपलीवाल्याच्या हातातून हातोडी घेतली, अण्णांच्या पद्धतीने एक टपली दिली. खट्. आणि चढायला लागले.

"कुठे चाललीस?" अण्णांचा आवाज.

"दोरी वर आहे. चढावं लागणारच."

"उतर. उतर खाली."

मी चढत होते. तुम्हाला सांगते, मी काही शूर वगैरे नाही, कानात दुसरं काही नाही, फक्त तो घरातला दुसरा आवाज. मी खाली बघितलं नाही. पण शिडी एकदम घट्ट झाली. आधी कापत होती, एकदम घट्ट. मग बघितलं. एका बाजूला बाबा, दोन्ही हातांनी. दुसऱ्या बाजूला आत्या, किल्ल्यांचा जुडगा खाली टाकून. आणि मधोमध, खटक्याच्या जागी, पट्टीला दोन्ही मुठींनी कवटाळून, अण्णा. अण्णा गेम्बावर आले होते हो. धावत.

मी हात लांब केला आणि दोरी ओढली. दोरी आली. सगळीच्या सगळी आली, धूळ, जळमटं, सगळं माझ्या डोक्यावर. दुसरं टोक दिव्याला, भोंग्याला जोडलेलंच नव्हतं. दिवा नाही, भोंगा नाही. नुसती खिळ्याला सैल गाठ मारून ठेवली होती, बघणाऱ्यांसाठी. मी धुळीने माखलेली, हातात लाल दोरीचं भेंडोळं, आणि खाली लाइन चालूच.

पण तीन मालक एका शिडीला लटकलेले बघितल्यावर माणसं काम कशी करणार? टपलीवाल्याचा हात रिकामाच होता, तो तसाच उभा राहिला. त्याच्यापुढे माल तुंबला. मग कुणीतरी बटण दाबलं. कुणी दाबलं ते वरून दिसलं नाही, आणि मी सांगणारही नाही. घरघर बारीक झाली, अजून बारीक झाली, आणि बंद पडली. मी जन्मात पहिल्यांदा आमचा कारखाना शांत ऐकला. नळ गळत होता कुठेतरी.

मी वरून म्हटलं, "अण्णा, माल ओके आहे ना?"

त्यांनी पट्टी अजून घट्ट आवळली.

"आहे ना? मग सोडा शिडी. बाबा, हात काढा. आत्या, तूही. मी एकटी उतरते. नीट उतरले तर सगळे स्टिकर मी लावते, आत्ताच्या आत्ता. आणि पडले तर पायावर लिहायला मार्कर आहेच."

कुणी हात काढला नाही. बाबांची बोटं पांढरी पडली होती. आत्याने डोळे मिटून घेतले होते.

"मी स्टिकर लावणार नाही," मी म्हटलं. "या मालाला नाही, आणि साचा बदलेपर्यंत कुठल्याच मालाला नाही. ट्रक रिकामा जाऊ दे. पण मला एक सांगा, माल ओके आहे तर शिडी धरलीत का?"

पाच वेळा विचारावं लागतं म्हणे. मी एकदाच विचारलं. अण्णांचं तोंड उघडं होतं, पण त्यातून 'वा'सुद्धा निघाला नाही.

आता करता काय? ते सोडेनात, आणि मला उतरवेना. मी तिथेच वरच्या पायरीवर बसले, मांडीवर दोरी घेऊन. लाइन बंद, ट्रक उभा, तीन मालक शिडी धरून, सगळे नुसती वाट बघतायत.

सरांच्या हिशेबात तोही मुदाच म्हणा.